मँडोलिन घेऊन रिओला: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी रिओ दि जानेइरोला शोरो शिकायला गेले होते, त्याबद्दल लिहिलं होतं. शोरो म्हणजे ब्राझीलचं जुनं शहरी वाद्यसंगीत. मँडोलिन त्यातलं एक मानाचं वाद्य. त्यावर बरीच पत्रं आली, बहुतेक ठाणे आणि नवी मुंबईतून. सारखे प्रश्न एकत्र केलेत. फक्त तिकिटाचा खर्च विचारणाऱ्यांना उत्तर दिलेलं नाही, कारण मी आज लिहिलेला आकडा अंक छापून येईपर्यंत शिळा होईल.

शोरो म्हणजे सांबाच ना? कार्निव्हलमध्ये पिसं लावून नाचतात, त्यासोबतचं? मी बँकेत नोकरी केली, संध्याकाळी पेटी वाजवली. माझ्यासारख्याला ते कळेल का?
– निवृत्त अधिकारी, खारघर

नाही काका, सांबा नावारूपाला आला त्याच्या चाळीसेक वर्षं आधीपासून शोरो वाजतोय. साधारण १८७० च्या दशकात रिओत त्याची जुळणी झाली. युरोपातून बोटीने आलेले पोल्का आणि वॉल्ट्झ तिथल्या दिवाणखान्यांत वाजत होते. ते कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय वादकांच्या हातात पडले आणि त्यांची चाल बदलली, ठोका मागेपुढे सरकायला लागला. बासरीवादक जोआकिम कालादो (१८४८–१८८०) याच्या मंडळीत एक बासरी, दोन गिटार आणि कावाकिन्यो नावाचं चार तारांचं चिमुकलं वाद्य. बस, एवढंच.

आणि वाजवणारे कोण? टपाल खात्यातले, कस्टममधले, रेल्वेतले नोकरदार. दिवसा कचेरी, रात्री कुणाच्या तरी घरी मैफल, वर जेवण. यजमानाचं स्वयंपाकघर थंड दिसलं तर मंडळी काढता पाय घेत, असं सांगतात. तेव्हा तुमच्यासारख्याला कळेल का हा प्रश्नच नाही. ते तुमच्यासारख्यांनीच वाढवलंय.

पुढे शिकिन्या गोंझागा (१८४७–१९३५) आली. संसार सोडून पियानोच्या शिकवण्यांवर जगली, वाद्यवृंद चालवणारी ब्राझीलची पहिली बाई ठरली. मग पिशिंगिन्या (१८९७–१९७३): बासरी, नंतर सॅक्सोफोन, आणि आजही सर्वांत जास्त वाजवल्या जातात त्या रचना. त्याचा जन्मदिवस म्हणून ब्राझीलमध्ये २३ एप्रिल हा राष्ट्रीय शोरो दिन पाळतात. पुढे कागदपत्रं तपासल्यावर कळलं की त्याचा जन्म ४ मेचा. दिवस मात्र बदलला नाही. आपल्याकडेही जयंतीच्या दोन-दोन तारखा असतातच की! २०२४ मध्ये तिथल्या वारसा खात्याने शोरोला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

माझ्या वाद्याचा माणूस म्हणजे जाकोब दो बांदोलिम, जन्म १९१८. एवढा मोठा वादक, पण कोर्टातली कारकुनी त्याने सोडली नाही. रिओतल्या जाकारेपाग्वाच्या घरी मैफली भरवायचा आणि कुणी कुजबुजलं तर खपवून घ्यायचा नाही. १९६९ च्या ऑगस्टमध्ये पिशिंगिन्याला भेटून घरी परतला आणि तिथेच गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आंध्रातल्या पालकोल्लूला मँडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवणारे यू. श्रीनिवास जन्मले होते. माझ्या खोलीत दोघांचे फोटो शेजारी-शेजारी आहेत.

ताई, मी ऐरोलीत राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मँडोलिनवर हिंदुस्थानी शिकतोय, मींड-गमक बऱ्यापैकी येते. कॉलेज संपलं की रिओला जायचंय. तिथल्या मैफलीत यमन वाजवला तर चालेल का? राग आणि शोरोचं फ्यूजन डोक्यात आहे.

चालेल. कुणी हाकलून देणार नाही, माणसं सभ्य आहेत. पण तू एवढा खर्च करून जाणार आणि त्यांना यमन ऐकवून परत येणार, हे काही माझ्या पचनी पडत नाही.

शोरोची बैठक, म्हणजे रोडा, कशी असते ते आधी समजून घे. मध्ये टेबल. त्यावर पेले, बाटल्या, खाणं. टेबलाला चिकटून वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात. ऐकणाऱ्यांकडे बहुतेकांची पाठ. नवा माणूस बाहेरच्या रांगेत, वाद्य पिशवीत. कुणीतरी नाव न सांगता एखादी रचना सुरू करतो. दोन आवर्तनांत गिटारवाला पट्टी पकडतो, कावाकिन्यो ठेका धरतो, मग बाकीचे. समोर कागद नाही. येत असेल तर वाजवायचं, नाहीतर गप्प बसायचं. खुणेने खुर्ची दाखवली की आत सरकायचं. माझ्या मते तिकडे जाणाऱ्या हिंदुस्थानी वादकाचं पहिलं काम हेच, गप्प बसणं. दुसरं काम पाठांतर. पन्नासेक रचना बोटांत असल्याशिवाय त्या टेबलाशी तुझं काही बोलणंच होणार नाही. फ्यूजनचं नंतर बघू.

आता खरी अडचण. आपण तानपुरा लावतो आणि सा एकदा बसला की बसला. शोरोत सा हलतो. बहुतेक जुन्या रचना तीन भागांच्या: पहिला दोनदा, दुसरा दोनदा, परत पहिला, तिसरा दोनदा, शेवटी पहिला. प्रत्येक भागाची पट्टी वेगळी. समज, पहिला भाग पेटीवरच्या पांढरी पाचमध्ये आहे, सरळ बिलावल. दुसरा बऱ्याचदा त्याच्या धैवताला सा मानून चालतो, म्हणजे पांढरी तीन. स्वर जवळजवळ तेच, पण चेहरा आसावरीचा, आणि मध्येच शुद्ध निषाद लागला की किरवाणीचा. मूर्च्छना शिकला असशील, तीच ही. तिसरा भाग मध्यमाला सा करतो, पांढरी एक. तिथे तुझ्या मूळ सप्तकातला शुद्ध नि जाऊन कोमल नि येतो. हे सगळं काही मिनिटांत, आणि न थांबता.

म्हणून रियाज करताना तानपुऱ्याचं ॲप बंद कर. सुरुवातीला पोरकं वाटेल. प्रत्येक भागाचा सा तोंडाने धरून ठेव आणि हाताने भाग वाजव. भाग बदलला की तोंडातला सा बदल. माझे कान यानेच तयार झाले. शिवाय त्यांचा ‘दो’ आपल्या सा-सारखा फिरत नाही, तो कायम पांढरी एक. कुणी ‘सोल’ म्हणालं की पंचम समजू नकोस, पांढरी पाच समज.

मींडेचं विसर. तुझ्या सरांनी जोडतारांतली एकेक तार काढून टाकली असेल, श्रीनिवासांच्या वाटेने जाणारे बरेच जण काढतात, कारण एकेरी तार ओढता येते. तिकडे जोडतारा हव्यातच: चार जोड्या, आठ तारा. स्वर लांबवायचा तो मनगटातून, पिक दोन्ही तारांवर इतकी भराभर वरखाली की वेगळे ठोके ऐकू येऊ नयेत. जाकोबचं १९६७ चं ‘विब्रासोंइस’ ऐक. तिथे तो स्वर धरतो, फुगवतो, आणि पुढच्या मात्रेला मुद्दाम उशिरा पोचतो. ठुमरीत शब्दाला रेंगाळवतात, थेट तसं. आणि दुसऱ्यांदा भाग वाजवताना थोडी फिरवाफिरव करायची, उपज म्हण, पण मूळ चाल ऐकणाऱ्याच्या कानातून जाता कामा नये. अर्धा तास आलापी करायला तिथे कुणाला सवड नाही.

पाठांतराची सुरुवात कालादोच्या ‘फ्लोर आमोरोझा’पासून कर. मग पिशिंगिन्या, मग जाकोबचं ‘नोइतिस कारिओकास’. सगळी पोरं वाल्दिर अझेवेदोच्या ‘ब्राझिलेइरिन्यो’वर उडी मारतात, १९४९ मध्ये गाजलेली कावाकिन्योची चीज, कारण ती वेगात वाजते आणि व्हिडिओत छान दिसते. तू मारू नकोस. वेगाला तिथे कुणी भुलत नाही. रादामेस न्याताली या संगीतकाराने जाकोबसाठी चार भागांची एक मोठी रचना लिहिली होती. ती बसवायला जाकोबने १९६४ चा कार्निव्हल घरात कोंडून घेऊन काढला. अख्खं रिओ रस्त्यावर, हा बाबा आत.

शनिवारी रिओत असशील तर दोन ठिकाणं. एस्कोला पोर्ताचिल ही शोरोची शाळा २००० पासून चालते. तिचे शनिवारचे वर्ग वर्षानुवर्षं उर्का भागातल्या विद्यापीठाच्या आवारात भरत आलेत, आणि शेवटी लहानथोर सगळे विद्यार्थी उघड्यावर एकत्र वाजवतात. दुसरं, लारांझेइरासमधल्या जनराल ग्लिसेरिओ रस्त्याचा आठवडी बाजार. भाजीच्या गाड्या आणि शेजारी शोरो. ठाण्याच्या घंटाळीत असं काही सुरू झालं तर मी घर विकून तिथे राहायला जाईन. एरवी रुआ दा कारिओकावरचं ‘काझा दो शोरो’ आहेच, जुन्या स्वरलिप्यांचा खजिना. आजचं वादन ऐकायचं तर हॅमिल्टन दि ओलांदा, दहा तारांचं मँडोलिन वाजवतो. पण तो आधी ऐकू नकोस, नाहीतर जाकोब साधा वाटेल.

मी कळव्यात तबला शिकवतो. शोरोचा ताल कोणता? त्यात सम कुठे असते?

सर, दोन ठोके, प्रत्येकाचे चार तुकडे. ‘त क धि मि’ दोनदा म्हणा. आता तिसरा तुकडा गाळा आणि दुसरा लांबवा: त कऽ मि, त कऽ मि. हा शोरोचा कणा. चाल सारखी यावरूनच धावते.

सम आहे, पण वजन तिच्यावर नाही. पांदेइरो, म्हणजे झांजा लावलेली डफलीच, वाजवणारा पहिला ठोका दाबून टाकतो आणि दुसरा खालच्या सुरात खुला सोडतो. आपल्या हाताला हे उलटं वाटतं. माझ्या ओळखीचा एक तबलजी पुन्हा पुन्हा समेवर ‘धा’ ठेवत होता आणि सगळी मैफल जड झाली. ती डाव्या हातात धरायची, उजव्याचा अंगठा, बोटांची टोकं आणि तळव्याची टाच आलटून पालटून. कातड्याला आतून डावं बोट लावून आवाज बंद-खुला करायचा. तिहाई नाही, म्हणून निराश होऊ नका.

आणि हे वाद्य एके काळी बदनाम होतं बरं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुआंव दा बाइयाना या वादकाचा पांदेइरो पोलिसांनी जप्त केला. तेव्हा एका सिनेटरने त्याला स्वतःचं नाव घातलेला नवा पांदेइरो करून दिला, म्हणजे पुढच्या वेळी पोलीस हात लावणार नाहीत.

माझी मुलगी संगीतासाठी एकटी ब्राझीलला जायचं म्हणते आहे. झोप उडाली आहे. काय काळजी घ्यावी?
– एक आई, मानपाडा

ताई, झोप उडणं साहजिक आहे. कामाचं तेवढं सांगते.

पिवळ्या तापाची लस. हे सर्वांत आधी, कारण लोक नेमके हेच विसरतात. ब्राझीलहून परत येताना भारतात उतरल्यावर लसीचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, मग मात्र ते जन्मभर चालतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन चालत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिथे आधी नंबर लावावा लागतो.

व्हिसा लागतो; ब्राझीलची वकिलात मुंबईतच आहे, अर्जाआधी त्यांचे ताजे नियम वाचा. पर्यटक म्हणून गेल्यावर मानधन घेऊन कार्यक्रम करायचे नाहीत. थेट विमान नाही, आखात, युरोप किंवा अदिस अबाबावरून जावं लागतं. मँडोलिन केबिनमध्ये मावतं, सामानात टाकू देऊ नका.

कधी जावं? जून ते ऑगस्ट तिकडचा हिवाळा, पाऊस कमी, हवा छान. कार्निव्हलच्या आसपास खोल्यांचे भाव चढतात आणि शोरोवाले कुठे कुठे पांगतात. नाचायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

रिओत मोबाइल रस्त्यावर हातात घेऊन चालायचं नाही. नकाशा बघायचा तर दुकानात शिरून. रात्री परतताना टॅक्सी, आणि वाद्य साध्या कळकट पिशवीत. शाळेतल्या कुणाच्या घरची भाड्याची खोली मिळाली तर हॉटेलपेक्षा बरी.

आणखी एक. तिथे जुनं, सुंदर मँडोलिन विकत घ्यायचा मोह होईल. पाठीला ब्राझिलियन रोझवूड आहे का ते आधी विचारायला सांगा. त्या झाडाला १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारात सर्वांत कडक संरक्षण आहे, परवान्याशिवाय ते लाकूड सीमेपार नेता येत नाही. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणतो. विमानतळावर तो नसतो.

फोन करताना लक्षात ठेवा, रिओ आपल्या साडेआठ तास मागे. तुमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिचे दुपारचे बारा. जेवली का, एवढं विचारा आणि ठेवा.

वडील तरुणपणी गोव्याहून मुंबईत आले, वाद्यवृंदात वाजवायचे. त्यांचं फुगीर पाठीचं मँडोलिन वाशीच्या घरात भिंतीवर आहे, तारा गंजल्यात. त्यावर शोरो वाजेल?

वाजेल, आणि आधी त्याला भिंतीवरून उतरवा. वाशीच्या दमट हवेत बाहेरच्या भिंतीवर टांगलेलं लाकूड फुगतं.

सगळ्या तारा एकदम काढू नका. त्याची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी असते. तारा गेल्या की ती सरकणार. आधी पेन्सिलीने घोडीच्या पायांची बारीक खूण करा. मग वाद्य डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरून मान सरळ आहे का बघा. वाकली असेल तर कारागीर गाठा. सरळ असेल तर एकेक तार बदलत जा, पण सर्वांत पातळ संच घ्या. बाजारात सहज मिळणारे जाड संच अमेरिकन वाद्यांसाठी असतात, ते या जुन्या पातळ फळीला सोसत नाहीत, फळी बसते.

जोड्या खालून वर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. लावून झालं की बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवा, मग तिथेच नुसतं बोट टेकवून. दोन्ही स्वर एक आले तर घोडी जागेवर आहे. दाबलेला चढा आला तर घोडी किंचित मागे, उतरला तर पुढे.

ब्राझीलच्या मँडोलिनची पाठ सपाट असते, आवाज जास्त गोल. तुमचं थोडं किणकिणेल. किणकिणू दे.

आपलं शास्त्रीय संगीत एवढं अथांग असताना परक्यांच्या दारी कशाला?
– नौपाडा

मँडोलिन तरी कुठे आपलं होतं? इटलीहून आलेल्या वाद्यावर संगीतकार सज्जाद हुसेन राग वाजवून गेले, लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या लक्ष्मीकांत कुडाळकरांनी त्यावर उमेदवारी केली. वाद्य चालतं, मग त्याच्या दुसऱ्या घरी जायला हरकत कसली?

शाकाहारी माणसाचं तिकडे काय होतं?
– अनेकजण

भात आणि उसळ रोज मिळते. फक्त उसळीत डुकराचं मांस आहे का ते विचारून घ्यायचं, ‘थोडंसंच आहे’ असं उत्तर येतं. उपासवाल्यांची मात्र चंगळ: आपला साबुदाणा ज्या कंदाचा, तो मुळात दक्षिण अमेरिकेचाच. त्याच्या पिठाची तव्यावरची धिरडी आणि चीज घातलेले गरम गोळे जागोजागी मिळतात. चतुर्थी मी तिथे ठाण्यापेक्षा चांगली केली. चीजच्या भानगडीत पडले नाही.

आम्ही नेरूळचे चार-पाचजण आहोत, दोन गिटार, एक बासरी, एक ढोलकी. ठाण्यात किंवा इकडे रोडा सुरू करता येईल का? काय काय लागेल?

बासरी आणि दोन गिटार म्हणजे कालादोची अर्धीअधिक मंडळी झालीच. सात तारांची गिटार शोरोत खालच्या सुरांतून सारखी उत्तरं देत असते. ती आपल्याकडे मागवावी लागते, तोवर एका गिटारची सहावी तार पांढरी तीनवरून दोनवर उतरवा आणि सात तारांची गिटार वाजवणाऱ्या दीनो सेते कोर्दासचं वादन लावून त्याच्या खालच्या ओळी पाठ करा. हे काम गिटारवाल्यांना आवडत नाही, कारण नाव चालीचं होतं. तरी जो चांगला आहे त्यालाच द्या. कावाकिन्यो नसेल तर युकुलेली घ्या, दोन्हींचं मूळ पोर्तुगालच्या एकाच छोट्या वाद्यात आहे. तिचा आवाज मऊ, चालवून घ्यायचं. ढोलकीऐवजी डफली. ढोलकी लागली की पोरं लावणीच्या अंगाने जातात, आणि मग मलाही राहवत नाही.

माइक नको. टेबल हवं, गोल असेल तर उत्तम. सुरुवातीचे महिने ऐकायला कुणाला बोलवू नका, आणि बोलवाल तेव्हा टाळ्यांचं बघा. रिओत कोपाकबानाला ‘बिप बिप’ म्हणून १९६८ पासूनचा एक बोळकांडीएवढा बार आहे. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, चुटक्या वाजवून दाद द्यायची. नेरूळच्या सोसायटीत सेक्रेटरीला हा नियम आधीच दाखवून ठेवा, परवानगी लवकर मिळेल. वेळ ठरली की मासिकाच्या पत्त्यावर कळवा. रविवार सकाळ असेल तर मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येते, वाशीची नाही, पनवेलची गाडी बघून.